दसऱ्याआधीची कल्हई : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका दुकानाचा अनुभव

घटस्थापनेआधी घरोघरी दसरा काढतात, तेव्हा आमच्या माळ्यावरून आजीची पितळेची तपेली खाली येतात, आणि खंडेनवमीला विळी, खलबत्ता व पाट्या-वरवंट्याबरोबर त्यांनाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते. ज्यांनी घराला जेवू घातले त्यांच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही रीत आजीने आईला आणि आईने मला दिली. कल्हई उडाल्यामुळे मात्र ही तपेली पूजेपुरतीच उरली होती, कारण उघड्या पितळेत चिंचेची आमटी कळकते.

यंदा मंगळवार पेठेतील एका छोट्या दुकानात, जिथे वडील आणि मुलगा अजून भात्यावर काम करतात, पाच भांडी दिली. काम समोर उभे राहून पाहू देतात, हे मला फार मोलाचे वाटले. तपेले निखाऱ्यांवर पुरेसे तापल्यावर त्यांनी नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, आणि कथलाची कांडी टेकवताच ती लोण्यासारखी वितळली; कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यांना तो अंदाज नुसत्या नजरेने येतो. मग कापसाचा बोळा तळापासून काठापर्यंत फिरला आणि त्यामागून काळवंडलेले पितळ चांदीसारखे उजळत गेले. त्या क्षणी आजीची फार आठवण झाली.

भांडी ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा मिळाली आणि एकाच्या काठाशी बोटभर जागा सुटली होती. ती दाखवताच त्यांनी वेगळे पैसे न घेता लगेच भरून दिली. दर भांड्याच्या आकारावर असून तो आधीच सांगतात. रिकामे भांडे आचेवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये, हेही बजावून सांगतात. नवरात्राच्या तोंडावर गर्दी असते, म्हणून भांडी पितृपक्षातच द्यावीत.

दसऱ्याला दसरा चौकात सोने लुटून झाल्यावर आम्ही आपट्याची पाने घेऊन मुद्दाम त्या दुकानाकडे वळलो. भट्टी विझवलेली होती आणि भात्याला झेंडूची माळ होती. "काका, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असे म्हणून माझ्या मुलीने त्यांना वाकून नमस्कार केला. दुपारी त्याच तपेल्यात केलेली कटाची आमटी आम्ही रात्रीही जेवलो, आणि ती जराही कळकली नव्हती.