धर्मादाय नेत्ररुग्णालयातील तातडीची रेटिना सेवा : एक अभिप्राय

माझ्या वडिलांवर शहरातील एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या रेटिना (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) विभागात उपचार झाले. त्यांना जुना मधुमेह आहे. थंडी वाजून ताप येऊ लागल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा उजवा डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि नजर झपाट्याने धूसर झाली; घराजवळच्या दवाखान्यात मात्र ‘डोळे आले आहेत’ असे सांगून थेंब देण्यात आले होते.

येथील निवासी डॉक्टर बाईंनी डोळा तपासण्याआधी विचारले, “बाबा, एवढ्यात ताप आला होता का? सलाईन लागले होते का, लघवीची नळी घातली होती का?” मला या विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच वाटते. एंडोजेनस एंडोफ्थॅल्मायटिसमध्ये, म्हणजे वडिलांना झालेल्या डोळ्याच्या आतील गंभीर संसर्गात, जंतू बाहेरून डोळ्यात शिरत नाहीत, तर शरीरात अन्यत्र असलेल्या संसर्गातून रक्तावाटे येतात, आणि मधुमेह्यांमध्ये यकृतातील गळू हे त्याचे एक ठाऊक असलेले मूळ आहे. आतला पडदा दिसतच नसल्याने डोळ्याची बी-स्कॅन सोनोग्राफी झाली, आतील जेलीसारख्या द्रवाचा नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) काढण्यात आला आणि त्याच वेळी व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकांची इंजेक्शने थेट डोळ्यात देण्यात आली. रक्ताचे व लघवीचे कल्चर आणि पोटाची सोनोग्राफी करून घेण्याचा आग्रहही त्यांनीच धरला. गळू यकृतातच सापडले.

उणिवा आहेत. फिजिशियन येथे नसल्याने शिरेवाटे द्यायच्या प्रतिजैविकांसाठी त्याच रात्री दुसऱ्या रुग्णालयात भरती करावे लागले, आणि दोन रुग्णालयांमधील निरोप्याचे काम नातेवाइकांच्याच गळ्यात पडले. संमतिपत्र केवळ इंग्रजीत होते. सही करणाऱ्या आईला त्यातले काय कळणार? बिलाच्या खिडकीवरील वागणुकीबद्दल न बोललेलेच बरे.

पुढे व्हिट्रेक्टॉमीही, म्हणजे डोळ्यातील तो जेलीसारखा द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही, करावी लागली. आता वडिलांना त्या डोळ्याने समोर धरलेली बोटे मोजता येतात. नजर पूर्ववत होईल असे आश्वासन कोणीही दिले नव्हते, याचा उलट विश्वासच वाटला. येथे येणाऱ्यांनी नुकत्याच झालेल्या आजाराचे सर्व कागद, अगदी सलाईनची नोंद असलेली चिठ्ठीसुद्धा, सोबत आणावी. डॉक्टर ती खरोखर वाचतात.