‘घरबसल्या पगार’ देणारी क्रिकेटची आयडी: फसवणूक नेमकी कुठे होते

मार्चच्या शेवटी आयपीएल सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. कोकणात हातात पैसा खेळतो तोही याच काळात. आंब्याच्या पेट्यांचे पैसे येतात, चाकरमानी सुट्टीला गावी उतरतात. मग 1 जूनला मासेमारीबंदी लागते आणि 31 जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या जातात. ‘महिना तीस हजार, घरबसल्या, मोबाइलवर’ हा मेसेज हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत नेमका या सांध्यावर फिरू लागतो. गाठीला थोडे पैसे आहेत आणि पुढचे दोन महिने कमाई नाही, असाच माणूस क्रिकेटच्या सट्ट्याची आयडी विकणाऱ्याला हवा असतो. मटकेवाल्यांनी गावंच्या गावं धुतली, पण महिन्याच्या पगाराचं आमिष त्यांनीही कधी दाखवलं नव्हतं.

आयडी म्हणजे काय ते आधी पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर एक वेबसाइटचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड येतो. पैसे भरले की खात्यात ‘कॉइन’ दिसतात, बहुतेक ठिकाणी एक कॉइन म्हणजे एक रुपया. ही कॉइनं वरून खाली वाटली जातात: सुपर मास्टर, त्याच्याखाली मास्टर, त्याच्याखाली एजंट आणि सगळ्यात खाली तुम्ही. प्रत्येक पायरीवर टक्केवारी ठरलेली असते, आणि ती टक्केवारी तुमच्या हरण्यावर असते. टपरीवर शेजारी बसून ‘आज चेन्नईवर लाव’ म्हणणाऱ्या ओळखीच्या पोराला तुमच्या हरलेल्या रुपयातला वाटा मिळतो. तुम्ही जिंकलात तर त्याचा वाटा वजा होतो. पगार या धंद्यात आहे, तो या पोराला आहे, आणि तुमच्या खिशातून आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आयडीच्या आधी किंवा पाठोपाठ टेलिग्रामचा चॅनल येतो. ‘पक्की रिपोर्ट’, ‘आतली खबर’, सलग सात मॅच बरोबर. ही सलग बरोबर येणारी खबर बनवायला क्रिकेट कळावं लागत नाही. 800 जणांची यादी घ्यायची. 400 जणांना मुंबई जिंकणार म्हणून कळवायचं, 400 जणांना हरणार म्हणून. मॅच झाली की चुकीची खबर गेलेले 400 सोडून द्यायचे. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. तिसऱ्या मॅचनंतर 100 जण असे उरतात की ज्यांना तिन्ही खबरा खऱ्या मिळाल्या. चौथीची फी पाच हजार सांगितली तर त्यांतले बरेच जण आनंदाने देतात. उघड चॅनलवर तर एवढेही कष्ट नाहीत. चुकलेली पोस्ट मागाहून पुसून टाकता येते आणि राहतात फक्त बरोबर आलेल्या. खात्री करायची असेल तर चॅनलवरची प्रत्येक खबर मॅच सुरू होण्याआधी वेळेसकट स्वतःच्या वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी वही व चॅनल शेजारी ठेवून बघा. चॅनलवर कमी ओळी सापडतील.

आता समजा खबर विकणारा कोणी नाही, साइट पैसे बुडवत नाही, सगळं सचोटीने चाललं आहे. तरी पगार निघतो का? दोन तुल्यबळ संघ आहेत आणि दोघांचाही भाव 1.90 आहे. म्हणजे 100 लावले आणि जिंकलात तर मुद्दल धरून 190 हातात. निम्म्या वेळा जिंकलात तर 200 रुपये लावून 190 परत येतात. दर शंभराला पाच रुपये बुकीने न खेळता काढले. नुसतं बरोबरीत सुटायलासुद्धा शंभरातल्या 52.63 खबरा बरोबर यायला हव्यात. आपल्याकडच्या बोलीत हाच भाव पैशात सांगतात, ‘80-82’ असा. आवडत्या संघावर लावलं तर रुपयाला 80 पैसे सुटणार, आणि खाल्लं तर, म्हणजे तो जिंकणार नाही या बाजूने राहिलात तर, रुपयामागे 82 पैशांची जोखीम तुमची. मधले दोन पैसे किरकोळ वाटतात, पण रोज दहा सौदे करणाऱ्याच्या खिशाला ते गळतीसारखे लागतात.

सेशनमध्ये, म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये किती धावा होतील यावरच्या सौद्यात, ही गळती अजून झाकलेली असते. सहा ओव्हरचं सेशन 46-47 लागलं आहे. ‘नो’ 46ला, ‘येस’ 47ला. 45 किंवा त्याहून कमी धावा झाल्या तर नो जिंकतो, 47 किंवा जास्त झाल्या तर येस. बरोबर 46 झाल्या तर? दोन्हीकडचे पैसे बुकीचे. खेळणाऱ्याला हे माहीत असतं, पण ते एका धावेचं नशीब वाटतं. तो बुकीचा रोजचा नफा आहे.

शिवाय तुम्ही जे बघून लावता ते घडून गेलेलं असतं. टीव्हीवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं आणि मोबाइलवरचं त्याहूनही मागे. मैदानात विकेट पडली की साइट भाव बंद करते, तुमच्या पडद्यावर बोलर अजून धावत येत असतो. त्यात बऱ्याच साइटवर सौदा दाबल्यापासून स्वीकारला जाईपर्यंत काही सेकंदांचा थांबा ठेवलेला असतो. त्या सेकंदांत भाव तुमच्या बाजूने फिरला तर सौदा नाकारला जातो, विरुद्ध फिरला तर पक्का होतो. आणि एवढं करूनही मोठी रक्कम जिंकलात तर ‘चुकीचा रेट लागला होता, सौदा रद्द’ असा एक ओळीचा मेसेज येतो. चुकीच्या रेटवर तुम्ही हरलात तर तो कधी रद्द झाल्याचं ऐकिवात नाही.

हरायला लागलेल्या माणसाला एजंट एक युक्ती शिकवतो: हरलास की दुप्पट लाव, एकदा जिंकलास की सगळं वसूल. हे कागदावर मांडून बघाच, पण 2च्या नाही, खऱ्या 1.90च्या भावाने. पहिला सौदा 500चा, हरला. दुसरा 1,000चा, जिंकला तर 900 सुटतात, 500 वजा जाता 400 उरतात. दुसराही हरला तर तिसरा 2,000चा: 1,800 सुटतात, गेलेले 1,500 वजा, उरले 300. चौथा 4,000चा: 3,600 सुटतात, गेलेले 3,500, उरले 100. पाचवा 8,000चा: जिंकलात तरी 7,200 सुटतात आणि तोवर गेलेले असतात 7,500. म्हणजे पाचव्या सौद्यात जिंकूनही 300 रुपयांचा तोटा. सातव्या सौद्यापर्यंत पोचलात तर एकूण 63,500 रुपये लागलेले असतात, आणि हे सगळं सुरू झालं होतं साडेचारशे रुपये मिळवायला. सलग चार-पाच हरणं ही दुर्मिळ गोष्ट नाही. रोज खेळणाऱ्याच्या वाट्याला ती महिन्यातून एकदा तरी येतेच.

खरोखर हुशार माणूस असला तर? शंभरातल्या 54 खबरा बरोबर काढणारा फार पुढचा खेळाडू म्हणायचा. 1.90च्या भावाने त्याला शंभर रुपयांमागे 2 रुपये 60 पैसे सुटतात. महिन्याला 30,000 मिळवायचे तर साधारण साडेअकरा लाखांचे सौदे करावे लागतील. प्रत्येकी 5,000चे धरले तर महिन्यात 230 सौदे, रोजचे साडेसात. आणि हे 30,000 दर महिन्याला येत नाहीत, ती सरासरी आहे. 230 सौद्यांत नुसत्या नशिबाने वर-खाली होणारी रक्कम साधारण 70,000 आहे. म्हणजे याच हुशार माणसाचे तीनातले एक महिने तोट्यात जाणार. पतसंस्थेचा हप्ता मात्र दर महिन्याला असतो. ऑनलाइन जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर सेस लागतो तो वेगळाच. आणि तरीही कोणी सातत्याने जिंकलाच, तर परदेशातल्या कायदेशीर कंपन्यासुद्धा त्याची सौद्याची मर्यादा कमी करत करत काही रुपयांवर आणतात. इथले तर आयडीच बंद करतात.

पैसे काढायची वेळ येते तेव्हा खरी फसवणूक उघडी पडते. क्रम जवळपास ठरलेला आहे. पहिल्यांदा दोन हजार काढायला सांगतात आणि ते दहा मिनिटांत येतात. हा विश्वासाचा खर्च. मग ‘शंभर टक्के बोनस’ येतो: 10,000 भरा, 20,000 खेळायला. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पैसे काढण्याआधी ही रक्कम वीस वेळा फिरवायची. वीस वेळा म्हणजे चार लाखांचे सौदे, शंभराला पाच या गळतीने 20,000. जेवढं दिसत होतं तेवढंच गेलं. यातूनही ज्याच्या खात्यात पन्नास-साठ हजार दिसतात त्याला सांगतात की आधी 30 टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल. तो भरला की ‘जीएसटी’, मग ‘खातं पडताळणी’. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कर जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, तो आधी कोणाच्या यूपीआयवर भरायचा नसतो. आधी भरा म्हणणारा पैसे देणार नाही. स्थानिक एजंटकडे रोखीचा हिशोब असेल तर सोमवारच्या वलणाचं, म्हणजे हिशोब चुकता करण्याचं, आश्वासन मिळतं. ‘मेल्या, माझो शब्द आसा, सोमवारी पैसे तुझ्या खात्यात.’ सोमवारी फोन बंद.

या पैशांसाठी कोर्टात जाता येत नाही. पैजेचा करार 1872च्या करार कायद्याच्या 30व्या कलमाने रद्दबातल आहे. ‘आमच्याकडे कुरासाओचं लायसन्स आहे’ हे वाक्य ऐकलं तर समजा की ते बेट कॅरिबियन समुद्रात आहे आणि तिथला कागद रत्नागिरीत चालत नाही. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, पैशांचे व्यवहार वाहून नेणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटी. निव्वळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

यातला शेवटचा, पैसे वाहून नेणारा, आपल्या वाडीतलाच असू शकतो. पैसे भरायचा क्यूआर कोड रोज बदलतो हे तुम्ही पाहिलं असेल. तो कॉलेजच्या पोराच्या, खलाशाच्या किंवा भाजीवालीच्या नावावरच्या खात्याचा असतो. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम एवढं दिलं की महिन्याला काही हजार भाडं, असा सौदा होतो. त्या खात्यात सट्ट्याबरोबर दुसऱ्या फसवणुकींचे पैसेही येतात, आणि परराज्यातले पोलीस खातेदाराचं नाव विचारत येतात. तुम्ही जिंकलेले दोन हजारसुद्धा अशाच खात्यातून आलेले असतात. ते पैसे तिसऱ्याच कोणाचे लुबाडलेले निघाले तर बँक तुमचंही खातं गोठवते. मग त्याच खात्यात जमा होणारे आंब्याचे पैसे अडकतात, आणि बँकेत विचारलं तर कुठल्या तरी दूरच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक हातात मिळतो.

खेळच खोटा असू शकतो, हेही सांगून टाकतो. 2022 साली गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना जर्सी घालून, शेतात कॅमेरे लावून खोटी लीग चालवली गेली आणि तिच्यावर रशियातले लोक पैसे लावत होते. तुमच्या आयडीत अनोळखी नावांच्या टी-10 लीग दिसत असतील तर हे आठवा.

पैसे गेले असतील तर वेळ मोजा. 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते. फोन करताना हाताशी ठेवा: यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, ज्या यूपीआय आयडीला पैसे गेले तो, आणि तुमच्या बँकेचं नाव. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्या आणि त्याची प्रत बँकेत द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, लाज वाटली तरी. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण समोरचा त्याचे ताजे मेसेज ‘सर्वांसाठी’ पुसू शकतो. ज्या खात्यात कमाई येते त्याच्याशी सट्ट्याचा एकही व्यवहार जोडलेला असेल तर घरच्या गरजेचे पैसे आधी दुसऱ्या खात्यावर वळवा.

तक्रारीनंतर आठ-पंधरा दिवसांत अजून एक फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला सायबर सेलचा किंवा वकील म्हणवतो, तुमची बुडालेली रक्कम रुपयासकट सांगतो आणि ‘परतीची फाइल’ उघडायला साडेतीन हजार मागतो. ती रक्कम त्याला माहीत असते कारण हरलेल्यांची यादीही विकली जाते.