पवित्र भूमीची सहल: एक चेक, एक फुकट सीट आणि नासरेथचा गाईड

आधी २०१४ ची गोष्ट सांगते, म्हणजे या पुण्याच्या सहल कंपनीला मी पाचपैकी साडेचार तारे का देतेय ते कळेल.

त्या वर्षी आमच्या नगरला बाहेरगावचा एक प्रवचनकार यायचा. घरोघरी प्रार्थनासभा, आजाऱ्यांवर हात ठेवणं, आणि आवाज असा की बायका ढसाढसा रडायच्या. यरुशलेमच्या सहलीचं त्यानंच काढलं. आम्ही अकरा जणांनी माणशी वीस हजार दिले, रोख. पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद, वर 'प्रभूच्या नावात मिळाले', खाली सही. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या सहलीच्या दहा-दहा रुपयांचा हिशेब ठेवला, पण त्या दिवशी पक्की पावती मागायला जीभ रेटेना. हे म्हणाले, "आत्ता प्रार्थना करून उठलाय माणूस, त्याच्याकडं पावती काय मागायची?" पुढच्या महिन्यात त्याचा फोन बंद झाला. पोलिसांत जायचं की नाही यावर मंडळीत बरेच दिवस खल चालला, आणि देवाचं काम करणाऱ्याची बदनामी नको म्हणून शेवटी कुणीच गेलं नाही. 'नको' म्हणणाऱ्यांत मीही होते.

म्हणून २०१८ मध्ये आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, या कंपनीचं पत्रक आणलं तेव्हा मी तारकपूरहून एसटी पकडली आणि थेट त्यांच्या ऑफिसात गेले. कॅम्पात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टेबलामागं तिशीतली एक मुलगी. तिनं बस म्हणायच्या आधी कागद पुढं केला: जॉर्डन, इस्राएल, इजिप्त, दहा दिवस, माणशी १,१८,००० अधिक पाच टक्के जीएसटी. तीन हप्ते, तेही चेकनं, कंपनीच्या नावावर. व्हिसा नाकारला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, बाकीचं कधी किती मिळतं त्याचा तक्ता. गाईड आणि ड्रायव्हरची टिप ८० डॉलर वेगळी. "हे आत्ताच सांगते काकू, नाहीतर बसमध्ये भांडणं होतात."

मग मी विचारलं, पाळकसाहेबांचे पैसे कोण भरतं?

ती क्षणभर थांबली. म्हणाली, "पंधरा जणांमागं एक सीट फ्री असते. ग्रुप आणणाऱ्याला. पण फ्री म्हणजे काय, ती तुमच्या सगळ्यांच्या रेटमध्येच धरलेली असते. या धंद्यात सगळीकडं असंच आहे."

जिना उतरताना गुडघे दुखत होते आणि डोकं भणभणत होतं. ज्यांना ओळखत नव्हते त्यांनी एका प्रश्नात सगळं सांगितलं, आणि ज्यांच्या हातून दर महिन्याला प्रभुभोजन घेते त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. घरी यांना सांगितलं तर म्हणाले, आता तू त्यांनाही पावती मागणार का? पहिला चेक मी दुसऱ्या दिवशी टाकला.

निघालो फेब्रुवारी २०१९ मध्ये, मुंबईहून, एकतीस जण. जॉर्डनमध्ये मादबाच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला रंगीत दगडी तुकड्यांचा नकाशा आहे, पवित्र भूमीचा त्याहून जुना नकाशा शिल्लक नाही म्हणतात. त्यात यार्देन (जॉर्डन) नदीतला एक मासा मृत समुद्राकडं जाता जाता उलट फिरलेला दाखवलाय. खारं पाणी त्याला कळलं! त्या माशापाशी मी बराच वेळ उभी होते. पेट्राला मात्र कागदावर 'थोडे चालणे' लिहिलंय ते खोटं. नुसती ती दगडी खिंडच किलोमीटरच्या वर आहे, आणि येताना चढ. अर्धा तारा मी तिथं कापलाय. साठीच्या पुढच्यांना आधी सांगायला हवं.

यार्देनवरचा पूल ओलांडून पलीकडं इस्राएलच्या बाजूला गेलो आणि नवा गाईड बसमध्ये चढला. नासरेथचा अरब ख्रिस्ती, पन्नाशीचा, केस पांढरे, इंग्रजी साधं. मागच्या सीटवरून कुणीतरी लगेच, बायबलमध्ये येशूबद्दल ऐकून नथनेल विचारतो तो प्रश्न टाकला: "नासरेथातून काही चांगलं निघतं का?" भाषांतर झाल्यावर तो हसला. हा विनोद त्यानं आयुष्यात हजारदा ऐकला असणार.

या माणसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझे पैसे तिथंच वसूल झाले. गालीलच्या सरोवराच्या टोकाला यार्देनच्या काठी यार्देनित म्हणून ठिकाण आहे. भाड्याचे पांढरे झगे, बदलायच्या खोल्या, पाण्यात उतरायला कठडे. आमची माणसं रांगेत लागली. हा म्हणाला, जरूर उतरा, पण माहीत असू द्या, ही जागा १९८१ मध्ये सोयीसाठी तयार केलेली आहे. योहानानं येशूला बाप्तिस्मा दिला ती परंपरेची जागा खाली, यरीहोजवळ. काही जणांची तोंडं उतरली. मी नुसते पाय सोडून बसले, बारके मासे बोटांना चावत होते. पाणी मात्र यार्देनचंच होतं.

कफर्णहूम गावी यहुद्यांच्या जुन्या पांढऱ्या सभास्थानापाशी सगळे फोटो काढू लागले, इथंच येशू बोलला म्हणून. त्यानं आम्हांला वाकून पायथ्याचे काळे दगड दाखवले. पांढरं बांधकाम नंतरच्या शतकांतलं, येशूच्या काळातलं सभास्थान असेल तर ते त्या काळ्या दगडांचं. 'असेल तर' हे दोन शब्द तो दिवसातून दहादा वापरायचा. काना गावातल्या वाइनच्या दुकानाबाहेर बस थांबवून म्हणाला, "इथं तुम्ही काही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. नाही घेतलंत तरी मी तसाच वागेन." आम्ही जरा जास्तच घेतलं, ते सोडा.

यरुशलेमात, येशूची कबर मानतात त्या जागेवरच्या पवित्र कबरेच्या चर्चसमोर त्यानं आम्हांला दाराबाहेरच उभं केलं. आत सहा पंथांची वहिवाट: ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन, इथिओपियन. कुठला खांब कुणी पुसायचा तेही ठरलेलं. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली लाकडी शिडी टेकलेली आहे, अठराव्या शतकापासून ती तिथंच, कारण हलवायची तर सगळ्यांची संमती लागते. आणि दाराची किल्ली? ती एका मुसलमान घराण्याकडं, दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडं. शतकानुशतकं. आपसात किल्ली कुणाच्या हाती द्यायची यावर ख्रिस्ती लोकांचं जमेना, म्हणून त्रयस्थाकडं, असं म्हणतात. ऐकून आमच्यातले काही जण गोरेमोरे झाले. मला नवल वाटलं नाही. चर्चच्या जागांचे खटले धर्मादाय आयुक्तांकडं कसे चालतात ते नगरकरांना सांगायला नको. (आम्हा प्रॉटेस्टंटांना त्या चर्चमध्ये वाटाच नाही, त्यामुळं निदान त्या भांडणात तरी आम्ही नाही.)

आम्हा प्रॉटेस्टंटांची लाडकी ती बागेतली कबर, येशूची म्हणून दाखवतात ती दुसरी जागा. झाडं, बाकं, शांतता, प्रवेशाला पैसे नाहीत. आपल्या मनातल्या चित्रासारखी. मला आतून वाटत होतं, हीच खरी असू दे. गाईडला तसं विचारलंही. म्हणाला, "मॅडम, अभ्यासक या कबरेला येशूच्या कित्येक शतकं आधीची मानतात. जुन्या चर्चच्या बाजूनं पुरावा जास्त आहे. पण प्रार्थनेला ही जागा चांगली, मी माझ्या आईला इथंच आणतो." आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ भडकले. हा विश्वास घालवायला ठेवलाय का, कंपनीकडं तक्रार करतो म्हणाले. माझं उलट झालं. इतके दिवस तो जे जे 'नक्की' म्हणाला होता ते सगळं मला त्या उत्तरानंतर पटलं. २०१४ चा तो माणूस एकदाही 'असेल तर' म्हणाला नव्हता.

त्या रात्री जेवताना पाळकसाहेब एकटेच टेबलाशी होते, ताटात हुमुस आणि भात. मी समोर बसले आणि फुकट सीटचं विचारलं. आवाज कापत होता माझा. ते बराच वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "बाई, सांगायला हवं होतं. लाज वाटली." एवढंच. परत आल्यावर पहिल्याच रविवारी सूचनांच्या वेळी त्यांनी ते उभं राहून सांगितलं, आकड्यासकट. दोन कुटुंबं त्यांच्याशी अजून नीट बोलत नाहीत. मी बोलते.

इजिप्तबद्दल काय लिहू, कैरोत माझं पोट बिघडलं आणि सीनाय पर्वतावर रात्री बाकीचे चढले, मी हॉटेलात ओआरएस पीत होते. जेवण सगळीकडं बरं, पण घरच्यासारखा चहा मागू नका, पिशवी बुडवून देतात. शेंगदाण्याची चटणी न्या. खोल्या स्वच्छ.

एक राहिलं. मसादा या डोंगरी किल्ल्याची रोपवे त्या दिवशी जोराच्या वाऱ्यानं बंद होती, खालूनच परतलो. कुणी तक्रार केली नव्हती. परवा कंपनीचं पाकीट आलं: रोपवेच्या तिकिटाचा माणशी १,४०० चा चेक, सोबत दोन ओळींचं पत्र. हे म्हणाले, वटवू नकोस, फ्रेम करून भिंतीवर लावू. मी कालच बँकेत टाकून आले.