व्हेरासेन्स: गुडघेबदलात लिगामेंटचा ताण पौंडात मोजणारा सेन्सर

गुडघेबदल शस्त्रक्रियेत हाडाचे काप कितीही काटेकोर असले तरी शेवटी प्रश्न उरतो तो लिगामेंटच्या, म्हणजे हाडे बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांच्या, ताणाचा. तो बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये अजूनही हातानेच पाहिला जातो: कापांमधल्या फटीत स्पेसर ब्लॉक (ठरावीक जाडीचा ठोकळा) घालायचा, पाय आत-बाहेर झुकवायचा आणि फट किती उघडते ते डोळ्याने बघायचे. या अंदाजाला आकडा देणारे उपकरण म्हणजे ऑर्थोसेन्सर या अमेरिकी कंपनीचे व्हेरासेन्स. 2021च्या जानेवारीत स्ट्रायकरने ही कंपनी विकत घेतली.

वस्तू दिसायला साधी आहे. ट्रायल पॉलीच्या (इम्प्लांटच्या दोन भागांमध्ये बसणाऱ्या प्लास्टिक चकतीच्या चाचणी-नमुन्याच्या) आकाराचा एक इन्सर्ट, त्यात मिडियल (आतल्या) आणि लॅटरल (बाहेरच्या) बाजूंसाठी वेगळे सेन्सर आणि बॅटरी. जाडी वाढवायला खाली शिम (पातळ पट्ट्या) लावायचे. वायरलेस जोडणीने पडद्यावर दोन्ही बाजूंचा भार पौंडात दिसतो आणि फीमरचा (मांडीच्या हाडाचा) काँडाइल, म्हणजे टोकाचा गोल उंचवटा, टिबियावर (नडगीच्या हाडावर) बसवलेल्या ट्रेवर नेमका कुठे टेकतो तो बिंदूही दिसतो. इन्सर्ट एका रुग्णापुरता, नंतर फेकून द्यायचा. शिवाय तो ठरावीक कंपनीच्या ठरावीक इम्प्लांटच्या आकारात बनतो, त्यामुळे इम्प्लांट आधी ठरवून त्याला जुळणारा सेन्सर मागवावा लागतो. ऐनवेळी दुसऱ्या कंपनीचा गुडघा घ्यायचा ठरला तर हा निरुपयोगी.

वापरताना क्रम चुकवू नये. आधी सगळे काप, दिसणारे ऑस्टिओफाइट (हाडाचे वाढलेले काटे) काढून झालेले, फीमरचा ट्रायल (चाचणी-नमुना) बसवलेला. टिबियाचा ट्रे एकाच पिनवर ठेवा, म्हणजे तो थोडा फिरवता येतो. सेन्सर आत घालण्यापूर्वी, त्यावर काहीही टेकलेले नसताना, शून्य करून घ्या. मग पटेला (गुडघ्याची वाटी) जागेवर बसवून कॅप्सूल (सांध्याभोवतीचे आवरण) दोन-तीन टॉवेल क्लिपांनी तात्पुरते बंद करा. कॅप्सूल उघडे आणि पटेला बाजूला सारलेला असेल, तर येणारे आकडे बंद गुडघ्याचे नसतात. आता टाच तळहातावर अलगद पेलून, गुडघा 10, 45 आणि 90 अंशांत वाकवून वाचन घ्या.

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. सहायक पाय धरताना नकळत टाच वर ढकलतो, किंवा मांडी आतल्या बाजूला कलू देतो. मग पडद्यावर दिसतो तो लिगामेंटचा नव्हे, सहायकाच्या हाताचा भार. दर वेळी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने पाय धरावा आणि प्रत्येक कोनात वाचन दोनदा घ्यावे. दोन वाचनांत मोठा फरक पडला तर लिगामेंटला हात लावण्याआधी धरण्याची पद्धत तपासा.

सर्वाधिक वापरात असलेला निकष असा: तिन्ही कोनांत मिडियल आणि लॅटरल भारांतला फरक 15 पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे 7 किलो. एकेका बाजूचा भार 40 पौंडांच्या, म्हणजे साधारण 18 किलोच्या वर जाऊ नये असे बरेच सर्जन धरतात. पण 15चा आकडा हा निसर्गनियम नाही. निरोगी गुडघ्यात लॅटरल बाजू मुळातच थोडी सैल असते, विशेषतः पाय वाकवल्यावर. म्हणून 90 अंशांवर मिडियल 25 आणि लॅटरल 14 आले, तर ते बरोबरीत आणण्यासाठी मिडियल बाजू सोडवत (तिथले लिगामेंट सैल करत) बसण्याची गरज नाही. आकडे सारखे दिसावेत म्हणून चांगले लिगामेंट टोचणे हा या यंत्राचा सर्वात महागडा दुरुपयोग.

खरा उपयोग दोष कुठे आहे ते शोधण्यात. आपल्याकडच्या रुग्णांत धनुष्यासारखे वाकलेले व्हेरस गुडघे भरपूर, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. समजा 10 अंशांवर मिडियल 55, लॅटरल 12. आणि 90वर 24 व 15. म्हणजे ताठरपणा फक्त सरळ पायात आहे. अशा वेळी मागचे ऑस्टिओफाइट आणि पोस्टेरोमिडियल (मागच्या-आतल्या बाजूचे) कॅप्सूल बघा. उलट चित्र असेल, 90वरच मिडियल जड, तर वरवरच्या एमसीएलचे (आतल्या बाजूच्या लिगामेंटचे) पुढचे तंतू किंवा फीमरचे रोटेशन संशयित. दोन्ही कोनांत मिडियल जड असेल तर टिबियाच्या आतल्या कडेचे राहिलेले काटे आधी काढा. तरीही फरक उरला तर लिगामेंट सोडवण्याऐवजी टिबियाचा काप एक-दोन अंश व्हेरसमध्ये पुन्हा घेण्याचा पर्याय अनेकदा बरा. पीसीएल (सांध्यातले मागचे लिगामेंट) राखणाऱ्या गुडघ्यात 90वर दोन्ही बाजू जड आणि टेकण्याचे बिंदू फार मागे गेलेले दिसले, तर पीसीएल ताठ आहे किंवा टिबियाच्या कापाचा मागे जाणारा उतार (स्लोप) कमी पडला आहे.

लिगामेंट सोडवायचेच असेल तर 18 गेजच्या सुईने तीन-चार टोचण्या, मग गुडघा काही वेळा पूर्ण वाकवून सरळ करायचा आणि पुन्हा वाचन. अधीरपणे दहा-बारा टोचण्या एकदम मारल्या तर आकडा उतरत नाही, कोसळतो. मग जाड पॉली किंवा कन्स्ट्रेंड (सैल सांध्याला बांधून ठेवणारा) इन्सर्ट शोधायची वेळ येते. सेन्सरचा एक मोठा फायदा हाच की कुठे थांबायचे ते कळते.

ट्रेचे रोटेशन हा या सेन्सरचा कमी चर्चेतला, पण आमच्या मते सर्वात भरवशाचा उपयोग. पाय सरळ असताना मिडियल बिंदू पुढे आणि लॅटरल मागे दिसला तर ट्रे आत फिरलेला आहे. तो हळूहळू बाहेर वळवून दोन बिंदू समांतर आणायचे, मगच दुसरा पिन ठोकायचा. हे भाराचे आकडे वाचण्याच्या आधी करावे, कारण ट्रे फिरला की भारही बदलतात. रोटेशन चुकलेले असताना लिगामेंट सोडवणारे पुष्कळ.

मग रुग्णाला फायदा किती? सुरुवातीच्या बहुकेंद्री अभ्यासात संतुलित गुडघ्यांचे रुग्ण जास्त समाधानी दिसले होते. पण तिथे तुलना संतुलित आणि असंतुलित गुडघ्यांची होती, सेन्सर वापरला आणि न वापरला अशी नव्हती. पुढच्या यादृच्छिक चाचण्यांत सेन्सरने संतुलन अधिक वेळा साधले, तरी रुग्णाच्या वेदना आणि हालचालींच्या गुणांत ठोस फरक दिसला नाही. हाताचा अंदाज मात्र सेन्सरशी फारसा जुळत नाही हे पुन्हा पुन्हा दिसले आहे, अनुभवी सर्जनांचाही. म्हणून शिकणाऱ्यांच्या युनिटमध्ये याला किंमत आहे: आधी हाताने अंदाज सांगायचा, मग पडदा बघायचा.

पैशाचे गणित भारतात अवघड. 2017च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आली, कोबाल्ट-क्रोमच्या प्राथमिक गुडघ्याची 54,720 रुपये अधिक जीएसटी. एकदाच वापरायचा सेन्सर हा त्यावरचा वेगळा खर्च, तेव्हा पॅकेजमध्ये तो कोण भरणार हे आधीच ठरलेले बरे. खर्च झेपत नसेल तर टेन्सर (फट ताणून मोजणारे अवजार) आहेच. जपानमधल्या कोबेच्या गटाने वापरलेल्या ऑफसेट टेन्सरने पटेला जागेवर ठेवून 40 पौंड ताणाला फट किती मिलिमीटर आणि किती अंश उघडते ते मोजता येते, आणि तो ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरता येतो. मात्र टेन्सर ठरलेल्या ताणाला फट मोजतो, सेन्सर ठरलेल्या जाडीला ताण. दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

शेवटचा मुद्दा इम्प्लांट हाडाला पक्के करणाऱ्या सिमेंटचा. ट्रायलवरचे सुंदर आकडे सिमेंटनंतर तसेच राहतील असे नाही. ट्रेखाली सिमेंटचा थर एका बाजूला जरा जाड राहिला तरी भार लक्षणीय बदलतो. ट्रायल संपताच बरेच जण सेन्सर टाकून देतात. तो निर्जंतुक टेबलवरच ठेवा, सिमेंट घट्ट झाल्यावर खऱ्या ट्रेवर आणखी एकदा घाला आणि पॉलीची जाडी त्या वाचनावर ठरवा.