सात महिने टीव्हीच मॉनिटर: कापलेल्या कडांचा मनस्ताप

सर्व्हिसवाला परवा घरी आला, पाच मिनिटं टीव्हीकडे बघून "ताई, ग्राफिक्स कार्ड गेलंय" म्हणाला आणि व्हिजिटचे साडेचारशे रुपये घेऊन गेला. कॉम्प्युटरमधून टीव्हीवर चित्र पाठवणारं ते कार्ड ठणठणीत आहे. म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

मार्केट यार्डातल्या दोन हळद अडत्यांचे हिशेब मी विश्रामबागेत घरूनच लिहिते. जुना मॉनिटर बंद पडला, तेव्हा एकाच खर्चात दोन्ही भागावं म्हणून ३२ इंची टीव्ही घेतला. १३६६ बाय ७६८ चा एचडी रेडी स्वस्त पडत होता, पण एक्सेलच्या ओळी जास्त मावाव्यात म्हणून जादा पैसे मोजून १९२० बाय १०८० चा फुल एचडीच घेतला. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. केबल मदरबोर्डला न लावता कार्डाच्या एचडीएमआयला लावली, आवाजही त्याच केबलमधून आला. इथवर काही अडचण नव्हती.

पण पडद्याच्या चारही कडा कापलेल्या! एक्सेलच्या डावीकडचे ओळींचे क्रमांक गायब. खाली टास्कबारवर घड्याळाच्या आकड्यांची नुसती डोकी दिसायची. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या चौकटीआड लपवत. एलसीडीला याची काही गरज नाही, तरी माझ्या टीव्हीत ते कारखान्यातूनच चालू होतं. डावी-उजवीकडे ४८-४८ आणि वर-खाली २७-२७ पिक्सेल जात होते. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेलचा, त्यातले उरले १३. मी पैसे पिक्सेलच्या १०८० ओळींचे मोजले होते, मला दिसत होत्या १०२६.

मुलानं कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉप १८२४ बाय १०२६ करून दिला. सगळं चौकटीत बसलं. मी खूश झाले, यार्डातल्या दोघातिघांनाही हाच उपाय सांगितला. तो सल्ला आता मागे घेते. तसं केल्यावर टीव्ही तेच लहान केलेलं चित्र पुन्हा ताणून पडदाभर पसरवतो, आणि अक्षरांच्या कडा विरतात. मार्चअखेरीला रोज आठ-आठ तास बसले, तेव्हा ३ आणि ८ मध्ये फरक कळेना. येणे बाकी मी लाल अक्षरात लिहिते, ती तर ओल्या कागदावर शाई फुटावी तशी दिसायची. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून सर्व्हिसला फोन केला होता. तो नव्या कार्डाबरोबर महागडी फोर-के केबलही घ्या म्हणाला. माझ्यासारख्या फुल एचडी चित्राला (१०८०पी, ६० हर्ट्झ) साधी हाय स्पीड केबल पुरते.

त्याच रात्री रिमोट घेऊन टीव्हीचा एकेक मेनू उघडला. पिक्चरमध्ये अॅस्पेक्ट रेशोखाली 'जस्ट स्कॅन' सापडलं. दुसऱ्या टीव्हींवर यालाच 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' म्हणतात. एचडीएमआय इनपुट चालू असतानाच ते दिसतं, केबलचे चॅनेल लावून शोधलं तर मिळत नाही. कार्ड परत १९२० बाय १०८० वर आणलं, टीव्हीत त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं. त्या नावानं टीव्ही रंगांची माहिती अर्धीमुर्धी न ठेवता पूर्ण वापरतो, आणि माझी लाल अक्षरं तिथल्या तिथे स्वच्छ झाली. काळा रंग मात्र राखाडी दिसायला लागला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कार्ड १६ ते २३५ या आकड्यांत पाठवत होतं, टीव्ही ० ते २५५ धरून बसला होता. कार्डात डायनॅमिक रेंज 'फुल' केली, तोही प्रश्न मिटला.

चित्राबद्दल आता माझी काही तक्रार नाही. ८ नंबरच्या अक्षरातली खतावणीही चष्म्याशिवाय वाचता येते. फक्त कॉम्प्युटर चालू केला की मॉनिटरसारखा टीव्ही आपोआप जागा होत नाही, रोज सकाळी रिमोट शोधावा लागतो. तो आता वह्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, आणि साडेचारशे रुपये परत मागायला पावती घेऊन सोमवारी सर्व्हिस सेंटरला जाणार आहे.