मक्त्याचे दोन गुंठे: जमीन झकास, कॉक भंगार

पाडव्याला मालकानं यंदाचा मक्ता दीडपट सांगितला आणि कारण दिलं लाईटबिलाचं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाचं बिल सरकारनं 2024 पासून माफ केलंय, यांची मोटर तीनची. तिथंच डोकं फिरलं. पावसाळा-हिवाळा दोन्ही काढून झालेत, तेव्हा या भानगडीत पडू पाहणाऱ्यांसाठी लिहूनच टाकतो.

मक्ता म्हणजे सालाचे ठरलेले पैसे देऊन दुसऱ्याचं वावर कसायला घेणं; आम्ही घरच्या भाजीसाठी घेतलंय. गावाला लागून, विहिरीच्या कडेचा दहा गुंठ्यांचा तुकडा, स्वतःची शेती नसलेली पाच घरं, प्रत्येकी दोन गुंठे. पाणी मालकाचं, बी-खत-मेहनत आपली.

जागा मिळता मिळता वर्ष गेलं. आधी डोळा गायरानावर होता. ग्रामसेवक म्हणाले, 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गावाच्या सामायिक जमिनीचं नावच काढू नका. मग पडीक वावरांचे मालक गाठले. तोंडी सगळे हो म्हणत, कागद म्हटला की गप्प. विदर्भाचा कूळकायदा वेगळा, 1958 चा. तो कुणी वाचलेला नसतो, पण धास्ती घराघरात आहे: भाजी लावायला दिली आणि उद्या सातबाऱ्यावर नाव चढलं तर? शेवटी कागद झाला तो एका सालाचा. पाडवा ते पाडवा.

या एका सालानंच घोळ केलाय. कॉकचंच बघा. विहिरीवरून दीड इंची पाइप येतो, दर वाफ्याच्या तोंडाशी प्लास्टिकचा एक कॉक. माझा वाफा सगळ्यात शेवटी. पुढचे चारही कॉक गळतात, त्यामुळे माझ्यापर्यंत पाणी पोचतं ते नुसती धार. डिसेंबरात रात्रीच्या लाईनचा, म्हणजे शेतीची वीज रात्री मिळायचा आठवडा होता. कडाक्याच्या थंडीत बॅटरी तोंडात धरून कॉक फिरवला, तर दांडी हातात आली. माझ्या पाळीचं पाणी रात्रभर शेजाऱ्याच्या लसणात. त्याचा लसूण यंदा फार छान झाला, त्यानं मला दोन गड्ड्या दिल्या.

प्लास्टिकचा कॉक दीडशेला येतो आणि उन्हानं तडकतो. पितळी हजाराच्या घरात जातो, पण टिकतो. मी म्हटलं, पाच जण मिळून पितळी बसवू. उत्तर आलं: पुढच्या पाडव्याला वावर आपल्याकडं राहील कशावरून? बरोबर आहे. मालकाला म्हटलं तर ते म्हणे, पाणी विहिरीतून काढून देणं माझं काम, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मग दर दोन महिन्यांनी दीडशे, अन् मधल्या काळात सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली. जागा बघायला जाल तेव्हा माती मागाहून बघा. मोटर चालू करायला लावा आणि शेवटच्या वाफ्यावर जाऊन उभे राहा.

बाकी जमीन काळी, भारी, तिच्याबद्दल शब्द नाही. पावसाळ्यात सपाट वाफ्यातला पालक सडला, गादीवाफ्यावरचा तगला. गावाजवळ असल्यानं रोही (नीलगायी) येत नाहीत, बकऱ्या येतात. एक मात्र सांगतो: धुऱ्यापलीकडं पऱ्हाटी (कपाशी) असेल तर तो वाफा सोडून द्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तसलीच औषधं वाऱ्यानं तुमच्या मेथीवर येणार, आणि ती मेथी तुम्ही घरी नेणार.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन गुण देणार होतो. रात्री मालक घरी आले. लाईटबिलाचा विषय त्यांनी स्वतःच सोडला आणि खिशातून रिवाइंडिंगच्या पावत्या काढल्या. मोटर सालात दोनदा जळली होती. हे आधी सांगितलं असतं तर मी एवढा तापलो नसतो. ते गेल्यावर घरचीनं वही उघडली. बाजारातून आता आलू, कांदे, अद्रक एवढंच येतं. वांगे-टमाटर दिवाळीपासून घरचे. सांभार (कोथिंबीर) तर हिवाळाभर इतका निघाला की आठवड्याला सांभारवडी झाली, वर शेजारीपाजारी वाटला. मक्ता दीडपट धरला तरी वहीत आम्ही वरच आहोत, हे तिनं बोटानं दाखवलं. तर दोनाचे साडेतीन करतो. उरलेला दीड कॉकचा.

सव्वापटीवर तोडगा निघाला. दोन सालांचा कागद मागितला, त्याला ते अजून नाहीच म्हणतात. मधल्या वाफ्यावाल्याची बदली झालीय, दोन गुंठे मोकळे आहेत. येणाऱ्यानं एवढं धरून चालावं की एप्रिलनंतर विहीर तासाभरातच उपसते, तेव्हा उन्हाळी भेंडी-गवारीवर फार भिस्त ठेवू नये.