मोटरहोमसाठी ट्युब्युलर की लिथियम?
बोरिवलीचा मावसभाऊ व्हॅनची बॅटरी बदलायला निघालाय, कारण रात्री दोनलाच पंखा बंद पडतो. आधी त्याला अर्थच्या वायरीचा नट उघडायला लावला. पावसाळी दमटपणाने तिथे हिरवट पूड धरली होती. ती घासा, मगच खर्च करा.

ट्युब्युलर (शिसे-आम्लाची, पाणी घालायची बॅटरी) स्वस्त, पण निम्मीच वापरावी, पाणी बघत राहावं, वायू बाहेर जायला वाट ठेवावी. मल्टिमीटरवर मात्र तिची तब्येत कळते: भरलेली 12.7 व्होल्ट, निम्मी साधारण 12.2. लिथियम बरीच हलकी, 80 टक्के बिनधास्त वापरा, टिकतेही जास्त. पण व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तेच दिसतं आणि मग बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षक सर्किट) झटकन पुरवठा तोडतं. गाडी चालताना ती भरते तेव्हा अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) तापू नये म्हणून करंट आवरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरचा खर्चही धराच.

वर्षातून दोनदा अलिबागला जाणाऱ्याला ट्युब्युलर पुरते. महिना-महिना गाडीतच राहणाऱ्याने लिथियमच घ्यावी.